बिनआवाजाची गाडी

म्हैस गेली त्याला आठवडा होऊन गेला, तरी पंपामागच्या शेडखाली तिच्या जागी कोणी सायकलसुद्धा लावत नव्हतं. म्हैस म्हणजे घरची काळी डिझेल गाडी. अंगापिंडावरून आणि आवाजावरून अप्पांनीच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की विम्याच्या माणसाशी बोलतानाही भाऊंच्या तोंडून एकदा तेच निसटलं. एवढ्या वयाच्या डिझेल गाड्या शहरात फिरवायच्या नाहीत असा नियम आला आणि भंगारवाले तिला दोर बांधून घेऊन गेले. चौकातला पेट्रोलपंप अप्पांनी सुरू केलेला, आता थोरला मुलगा म्हणून भाऊ चालवत होते. म्हणजे ज्यांनी अर्ध्या शहराच्या गाड्यांना तेल पाजलं, त्यांच्याच दारातली गाडी दोराने ओढत न्यावी लागली. भाऊंना ते बघवलं नाही. ते हवा भरायच्या यंत्राकडे तोंड करून उभे राहिले. अप्पांनी वरच्या खोलीत रेडिओ मोठा केला. फाटकापर्यंत गेल्या त्या फक्त भाऊंची बायको, म्हणजे वहिनी. त्यांना काय वाटलं हे कोणी विचारलं नाही. त्या काय, नुसत्या चालवायच्या.

रविवारी सकाळी सगळे नवी गाडी ठरवायला जमले.

पंपाच्या ऑफिसवरच घर होतं. खाली टँकर आला की दिवाणखान्यातल्या कपाटाच्या काचा थरथरायच्या, आणि पेट्रोलचा वास फक्त पाहुण्यांना यायचा. अक्का आल्या की आधी खिडकी लावून घ्यायच्या. वास खिडकीतून येतो अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती; खरं तर तो भिंतींतच होता. अक्का तिघा भावंडांत मोठ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या. आई गेल्यावर तिच्या कपाटावरून झालेल्या भांडणापासून त्या धाकट्या भावाशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलायच्या, आणि तो ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला बसायच्या. आजही त्या भाऊंच्या सोफ्यावर बसल्या.

धाकटे म्हणजे प्रोफेसर. कॉलेजात पर्यावरण शिकवायचे. आल्या आल्या त्यांनी आपण बसने आलो हे आधी भाऊंना, मग अक्कांना उद्देशून भिंतीला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांची बायको नेहमीप्रमाणे डोकं दुखतंय म्हणून आली नव्हती. प्रोफेसरांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पडद्यावर कोणाचं तरी काळं पडलेलं फुप्फुस आलं.

"हे काय," अक्का भाऊंना म्हणाल्या, "त्याला सांग, जेवायच्या आधी असलं दाखवू नको."

"अक्का, प्रश्न गाडीचा नाहीच आहे," प्रोफेसर म्हणाले. "आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न आहे."

"मी पंपाच्या बाजूला उभा आहे," भाऊ म्हणाले. "रोज. पायाच्या शिरा फुगल्या उभं राहून."

"विजेची गाडी. बस्स. दुसरा पर्यायच नाही."

"आणि वीज कुठून आणणार? तुझ्या कॉलेजातून? कोळसा जाळूनच करतात ना ती?"

"तरीसुद्धा एकूण धूर कमीच पडतो, भाऊ. आणि वीज उद्या उन्हावर होईल, वाऱ्यावर होईल. पेट्रोल उद्याही पेट्रोलच राहणार."

"राहणारच. त्याच्यावरच तू शिकलास."

हे वाक्य त्या घरात दर भेटीला एकदा यायचंच. ते येऊन गेलं की सगळ्यांना जरा मोकळं वाटायचं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा ते नुकतंच येऊन गेलं होतं, म्हणून त्यांनी निवांतपणे कप वाटले.

"मी काय म्हणतो, हायब्रिड घ्यावी," भाऊ म्हणाले. त्यांनीही अभ्यास केला होता. गाडीत पेट्रोल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर विचारत होते. "बॅटरी आहे, पेट्रोलही आहे. कोणाचंच मन दुखत नाही."

"ती गाडी नाही, भाऊ. तो आपल्या घराचा स्वभाव आहे."

"अरे, पण गिऱ्हाईक काय म्हणेल? पंपवाल्याच्या शेडखाली वायर लावलेली गाडी! स्वतःच्या हॉटेलात घरचा डबा आणून खाणारा मालक बघितलायस कुठे?"

"बरोबर आहे त्याचं," अक्का म्हणाल्या. "त्याला सांग, माणसाने आपल्या धंद्याची लाज राखावी."

प्रोफेसरांनी पडदा पुढे सरकवला. आता एक गाडी आली, निळ्या आभाळाखाली हिरव्या डोंगरावर एकटीच उभी. गाड्या विकणाऱ्यांना आणि गाड्यांना विरोध करणाऱ्यांना चित्रं एकाच ठिकाणाहून मिळत असावीत, असं वहिनींना वाटलं. प्रोफेसर सांगत होते की बॅटरी तळाला असते म्हणून गाडी स्थिर राहते, एकदा चार्ज केली की आठवडाभर शहरात बघायला नको, आणि सीट उंच असतं.

"किती उंच?" अक्कांनी विचारलं.

थेट विचारलं. तिसऱ्या माणसाशिवाय. प्रोफेसर बावरले.

"म्हणजे... खुर्चीएवढं. वाकावं लागत नाही. सरळ बसायचं."

"गुडघा दुमडावा लागत नाही?"

"अजिबात नाही, अक्का."

अक्का थोडा वेळ चहा पीत राहिल्या. मग म्हणाल्या, "धुराचाही विचार केला पाहिजे हल्ली." आणि त्या सोफ्याच्या ज्या टोकाला बसल्या होत्या तिथून दुसऱ्या टोकाकडे सरकल्या. फार नाही, पण भाऊंना जेवढं समजायचं तेवढं समजलं. त्यांनी शेवटचा आधार म्हणून अप्पांकडे पाहिलं.

अप्पा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना ऐकू येत नाही असं सगळे समजायचे, आणि अप्पांनी तो गैरसमज जपून ठेवला होता. डोळ्यांचं मात्र खरंच होतं. मागच्या वर्षी त्यांनी म्हैस पंपाच्या दराच्या पाटीवर घातली, तेव्हापासून डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती आणि वहिनी किल्ली जागा बदलून बदलून लपवायच्या.

"अप्पा, तुम्ही सांगा," भाऊ ओरडून म्हणाले. "पंप तुमचा आहे. गाडी कुठली घ्यायची?"

"विजेची," अप्पा म्हणाले.

खाली कोणीतरी हॉर्न वाजवला. भाऊंनी पुन्हा विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "धूर नको. पुढच्या पिढीचा विचार करायला हवा."

प्रोफेसरांचे डोळे भरून आले. आयुष्यभर ज्या बापाला आपण समजावू शकलो नाही, तो चार चित्रांत समजला! ते उठून अप्पांच्या पायाशी बसले. वहिनी कप गोळा करत होत्या. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा स्वतःची नखं निरखत होते.

"वहिनी," प्रोफेसर ओल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही गप्पच. तुम्हालाही बोलायचा अधिकार आहे. रंग कोणता आवडेल तुम्हाला?"

"कुठलाही चालेल," वहिनी म्हणाल्या आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

त्यांना बोलायचं होतं ते रंगाबद्दल नव्हतं. मागच्या गल्लीत बायकांना मोटार शिकवणारी एक शाळा होती. तिच्या मालकीणबाईंनी एकदा वहिनींना म्हैस अरुंद बोळातून उलटी काढताना पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून मागे लागल्या होत्या, शिकवायला या म्हणून. वहिनी हसून टाळायच्या. म्हैस गेली त्या दुपारी मात्र त्या फाटकातून परस्पर तिकडे गेल्या आणि हो म्हणून आल्या. पहिल्या तारखेपासून जायचं होतं. घरी सांगायला योग्य वेळ बघत होत्या, पण त्या घरातली योग्य वेळ कायम दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेली असायची.

जेवणं झाली आणि शोरूमचा विक्रेता विजेची गाडी घेऊन दाखवायला आला. पांढरीशुभ्र, तीन रांगांची. पंपावरच्या माणसांनी नळ्या हातात तशाच धरून माना वळवल्या. पेट्रोल भरायला थांबलेला एक मोटारसायकलवाला टाकी भरल्यावरही जाईना.

विक्रेत्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि किल्ली चष्मा असलेल्या माणसाला दिली. प्रोफेसरांनी बरीच वर्षं तत्त्व म्हणून गाडी चालवली नव्हती. ते आत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि वाट बघत राहिले.

"सुरू नाही होत," ते म्हणाले.

"सुरू आहे सर. केव्हाची."

"अच्छा," म्हणत प्रोफेसरांनी पाय दाबला. गाडी चूंही न करता उडी मारून निघाली आणि आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या लाल बादल्यांच्या रांगेत जाऊन थांबली. दोन बादल्या आडव्या झाल्या.

"पंपाला इतक्या वर्षांत आग लागली नाही," भाऊ म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. "पर्यावरणाने मात्र गाठलंच."

मग किल्ली भाऊंपुढे आली. गिऱ्हाईक बघतंय, असं म्हणून त्यांनी हात मागे घेतला. खरं कारण असं होतं की त्यांच्या लायसन्सची मुदत संपून जमाना झाला होता. अप्पा लगबगीने पुढे सरसावले, तेव्हा दोन्ही मुलांनी त्यांना दोन दंडांना धरलं. विक्रेता किल्ली हातात घेऊन उभाच राहिला.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि किल्ली घेतली.

अक्का पुढे बसल्या, गुडघ्यासाठी. मधल्या रांगेत भाऊ आणि प्रोफेसर, आणि दोघांच्या मध्ये भिंत घालावी तसे अप्पा. तिसऱ्या रांगेत, जिथे लहान मुलांना बसवतात, तिथे विक्रेता गुडघे छातीशी घेऊन बसला आणि तिथून गाडीचे गुण सांगायला लागला.

वहिनींनी बादल्यांतून गाडी अलगद मागे घेतली आणि रस्त्याला लावली. हातात लोण्यासारखी वळत होती. चौक गेला, दवाखान्याचा रस्ता गेला, आणि पुलाचा चढ लागला तसे त्यांचे खांदे सैल पडले.

इथे वहिनींची एक सवय सांगायला हवी. म्हैस चालू झाली की तिच्या इंजिनाच्या घरघरीत मागच्या माणसांना एकमेकांचंही बोलणं ऐकू यायचं नाही. सासूबाईंना नेमाने हॉस्पिटलात न्यायचं-आणायचं असायचं त्या दिवसांत वहिनी गाडी शिकल्या, आणि त्याच दिवसांत त्यांना पुटपुटायची सवय लागली. दिवसभर जे बोलायचं राहून गेलेलं असे, ते त्या स्टिअरिंगशी बोलायच्या. ओठ जेमतेम हलायचे. बोलून झालं की घरी येऊन पुन्हा हसतमुख चहा टाकायच्या. म्हशीने इतक्या वर्षांत ह्या घराची शांतता राखली ती आवाज करून.

पुलावर वहिनींनी नकळत सुरुवात केली.

"बसल्या पुढे. गुडघा म्हणे. हाच गुडघा गच्चीवर शेजारणीशी गप्पा मारायला जाताना बरा पायऱ्या चढतो... आणि हे भाऊजी. बसने आलो, बसने आलो. जाताना आहेच, 'वहिनी, जरा स्टेशनपर्यंत सोडता का?' पृथ्वी ह्यांनी वाचवायची आणि डिझेल मी जाळायचं... अप्पांना वीज हवी. पुढची पिढी! आवाज होत नाही हे सरळ सांगा की. दुपारी सगळे आडवे झाले की किल्ली हुडकून निघायचंय, कोणाला पत्ता लागायला नको... आणि आमचे हे. गिऱ्हाईक काय म्हणेल. लग्न झाल्यापासून ऐकतेय, गिऱ्हाईक काय म्हणेल. बायको काय म्हणते विचारलंत कधी? बायको म्हणते, पहिल्या तारखेपासून मी मोटारच्या शाळेत शिकवायला जाणार. मग बसा हायब्रिडमध्ये आणि ढकला एकमेकांना."

पुलाच्या माथ्यावर आल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाडीत कसलाच आवाज नव्हता. टायर रस्त्यावर घासतात तेवढी हलकी सळसळ होती, आणि मागे कोणीतरी श्वास रोखून धरला होता तो सोडला, तेही ऐकू आलं. वहिनींनी आरशात पाहिलं. आरशात तीन चेहरे होते, आणि त्यांच्यामागे विक्रेत्याचा चौथा.

"मॅडम," विक्रेता घसा साफ करत म्हणाला, "आतली शांतता हीच आमच्या गाडीची खासियत आहे."

वहिनींचे कान तापले होते, पण हात स्थिर होते. त्यांनी गाडी वळवली, परत आणली आणि शेडखाली म्हशीच्या जागेत एका फटक्यात लावली. विक्रेत्याने सगळ्यांच्या हातात माहितीपत्रकं दिली आणि तो पळालाच म्हणायचा.

वर दिवाणखान्यात सगळे पुन्हा बसले, पण बसायच्या जागा बदलल्या होत्या. भाऊ आणि प्रोफेसर एकाच सोफ्यावर होते. आईच्या आजारपणानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

"शाळा?" भाऊ म्हणाले. "कुठली शाळा? पंपाच्या मालकाची बायको लोकांना क्लच दाबायला शिकवणार?"

"वहिनी, तत्त्वतः मी तुमच्या बाजूने आहे," प्रोफेसर म्हणाले. "बाईने बाहेर पडलंच पाहिजे. पण व्यवहार बघा ना. अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार? अक्काला कोण आणणार?"

"आणि तुम्हाला स्टेशनला कोण सोडणार," वहिनी म्हणाल्या. एकदा तोंड उघडं पडल्यावर झाकण्यात अर्थ नव्हता.

"ते गौण आहे."

"तो बरोबर बोलतोय," भाऊ म्हणाले. धाकट्याचं बरोबर आहे हे वाक्य त्यांच्या तोंडून आल्याचं त्यांच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आलं.

अप्पांनी मान वर केली. "सूनबाई, नवी गाडी आली की तू किल्ली कुठे ठेवणार?"

"आता माझ्या कमरेला, अप्पा. अंघोळीलासुद्धा बरोबर नेणार."

"मग विजेची कशाला घेता?" अप्पा मुलांना म्हणाले. "पेट्रोलचीच घ्या. आपला धंदा आहे."

प्रोफेसरांनी डोळे मिटून घेतले.

राहता राहिल्या अक्का. त्या खिडकीजवळ उभ्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांना सर्वांत जास्त लागलं असणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. वहिनी जवळ गेल्या.

"अक्का, चुकलं माझं. गुडघ्याचं मी तसं म्हणायला नको होतं."

"का? खरंच आहे ते," अक्का म्हणाल्या. "गच्चीवर जाताना दुखत नाही."

"तसं नाही..."

"अगं, तू आज पहिल्यांदा बोललीस असं वाटतंय का तुला? मागच्या लोकांना ऐकू यायचं नाही. मी पुढे बसायचे." त्या वळल्या. "पहिल्या दिवशी इतका राग आला होता, म्हटलं, उतरावं आणि टॅक्सी करावी. दुसऱ्या खेपेला म्हटलं, बघू आज काय म्हणते. मग पुढचं सीट सोडवेना. घरी मी, माझ्या भिंती आणि माझा टीव्ही. येणारा प्रत्येक माणूस 'अक्का, तुम्ही किती छान दिसता' म्हणून जातो. माझ्याबद्दल खरं बोलणारं एकच माणूस मला मिळालं होतं, आणि तेही मला ऐकू येत नाही असं समजून."

इतक्या वर्षांत आपण काय काय बोललो असू, ते वहिनींना आठवायला लागलं आणि त्या खालीच बसल्या.

"अक्का, आपल्याला व्यवहार बघायचाय," प्रोफेसर म्हणाले.

"बघ की. तुला येते गाडी?" अक्कांनी त्यांना थेट विचारलं. "वाळूच्या बादल्या पाडून आलायस. तुला येते, भाऊ? लायसन्स दाखव."

भाऊंनी लायसन्स दाखवलं नाही. ते म्हणाले, "ड्रायव्हर ठेवू."

"ठेवा. म्हणजे माणूस ठेवावा लागेल एवढं काम होतं ते. कोणाला माहीत होतं इथे?"

कपाटाच्या काचा थरथरल्या. खाली टँकर आला होता. भाऊंना खाली जावंच लागलं, आणि वाद तिथेच राहिला. त्या घरातले बहुतेक वाद टँकर यायच्या वेळेला संपायचे.

संध्याकाळी वहिनी पंपावर सांडलेली वाळू झाडत होत्या, तेव्हा भाऊ तिथे आले. बराच वेळ त्यांनी आडव्या झालेल्या बादल्या भरून सरळ लावण्यात घालवला.

"मला आधी सांगायचंस," शेवटी ते म्हणाले.

"सांगितलं ना."

"सांगितलं नाहीस. पुटपुटलीस."

"तेच ऐकू आलं तुम्हाला. बाकीचं कुठे येतं?"

भाऊंनी बादली खाली ठेवली. "मी अडवलं असतं असं वाटलं तुला?"

वहिनी झाडू टेकवून उभ्या राहिल्या. ह्या माणसाने त्यांना कधी अडवलं नव्हतं हे खरं होतं. आवाजही चढवला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'बघू' म्हणाला असता."

भाऊंनी किती गोष्टींना बघू म्हटलं होतं ते त्यांनाच ठाऊक. माहेरच्या लग्नाला जायचं बघू होतं. स्वयंपाकघराला खिडकी पाडायचं बघू होतं. त्यातलं काहीच त्यांनी नाकारलं नव्हतं, आणि काहीच झालं नव्हतं.

"केव्हापासून म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या तारखेपासून."

"बरं," भाऊ म्हणाले, आणि राहिलेली बादली उचलून जागेवर ठेवायला गेले.

गाडी घेतली गेली नाही. कोणी नको म्हणालं म्हणून नव्हे; चालवणारं कोणी नसलेल्या घरात विजेची की हायब्रिड हा वाद घालायला प्रोफेसरांनासुद्धा जोर येईना. माहितीपत्रकं टीव्हीखाली पडून राहिली. अप्पांना भाऊ टॅक्सीने डॉक्टरकडे नेऊ लागले, आणि परत येताना दोघं काही वेळ बागेत बसून येऊ लागले, कारण टॅक्सीत बसल्यावर कळायचं की आपल्याला एकमेकांशी बोलायचंय. अक्का बस बदलून यायच्या. गुडघ्याचं नाव घेत नसत.

प्रोफेसर खऱ्या अर्थाने बसने येऊन बसने जायला लागले. स्टेशनला सोडणारं कोणी राहिलं नव्हतं. ह्या अनुभवातून त्यांनी एक लेख लिहिला. परवडत असूनही आपल्या कुटुंबाने एकमताने गाडी नाकारली, सगळ्यांत स्वच्छ गाडी म्हणजे न घेतलेली गाडी, हा निर्णय आम्ही एका दुपारी विचारपूर्वक घेतला, असं त्यात होतं. लेख गाजला. त्यांच्या कॉलेजात एक कार्यक्रम झाला, त्यांना कुंडीतलं रोप मिळालं, आणि एका पेट्रोलपंपाच्या मालकाने असा आदर्श घालून द्यावा ह्याबद्दल भाऊंनाही व्यासपीठावर बोलावलं गेलं. भाऊ गेले, आपलंही एक रोप घेऊन आले आणि पंपाच्या ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. वासाने ते वाळायला लागलं, तेव्हा वहिनींनी ते शाळेत नेलं.

शाळेची गाडी विजेची नव्हती. जुनी, लाल, छोटी पेट्रोलगाडी, दोन्ही बाजूंना पॅडल, छतावर शाळेची पाटी. ती इतकी वेळा बंद पडायची आणि चालू व्हायची की तिच्या धुराने प्रोफेसरांच्या लेखाचं पुण्य आठवड्याभरात संपलं असतं. वहिनी तिच्यात दिवसभर बसायच्या, डाव्या बाजूला, आणि शिकायला आलेल्या बायकांना सांगायच्या की घाबरू नका, गाडी चावत नाही.

एका दुपारी टाकीचा काटा तळाला गेला. शिकणाऱ्या बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या, त्यांचा चौथाच धडा होता. पंप पुढच्याच चौकात. दुसरीकडे वळायचं तर उगाच वळसा. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "घ्या आत. सावकाश."

गाडी आचके देत पंपावर येऊन थांबली. नळी घेऊन माणूस पुढे आला आणि वहिनींना पाहून तिथेच थबकला. ऑफिसातून भाऊ बाहेर आले. त्यांनी माणसाच्या हातातून नळी घेतली. बाजूच्या रांगेतल्या गाड्यांतली माणसं बघत होती. गिऱ्हाईक बघत होतं.

"किती टाकायचं?" भाऊंनी विचारलं.

"फुल."

त्यांनी टाकी भरली, झाकण दोनदा तपासून लावलं. मग खिशातून फडकं काढून पुढची काच पुसली, आधी शिकाऊ बाईंच्या बाजूची आणि मग वहिनींच्या बाजूची. ती जरा जास्तच वेळ.

"पावती शाळेच्या नावाने," वहिनी म्हणाल्या.

"हो," भाऊ म्हणाले, आणि पावती आणून दिली.

बाहेर पडायचं तर रस्ता भरून वाहत होता. शिकाऊ बाईंनी क्लच सोडला, गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले आणि बाईंच्या कपाळाला घाम फुटला. तेवढ्यात भाऊ पंपाच्या पायरीवरून उतरले, चालत रस्त्याच्या मधोमध गेले आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून हात वर करून उभे राहिले. एक बस थांबली. तिच्यामागे पंपाचाच टँकर थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून मालकांना काहीतरी विचारलं. भाऊंनी हात खाली घेतला नाही. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. सगळा चौक हॉर्न वाजवत होता.

"मला नाही जमणार हो," बाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

वहिनींनी काचेतून पाहिलं. भाऊ उन्हात तसेच उभे होते, हात वर, शर्टाची बाही कोपरापर्यंत घसरलेली.

"घाई करू नका," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "ते उभे आहेत."